चौथा भाग मागू नका

‘रात्रीस खेळ चाले’चं नाव निघालं की कुणीतरी हमखास विचारतं, चौथा भाग कधी येतोय? गणपतीला गावी जमलेल्या घरात विचारतात, कलाकारांच्या फोटोंखाली विचारतात, गाडीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही विचारतो. माझं सांगणं सरळ आहे. हा प्रश्न आता सोडा. ज्यांना मालिका आवडलीच नव्हती त्यांना हे सांगायची गरज नाही, ते कधीच दुसरीकडे गेले. रात्री साडेदहाला दिवे मालवून, पोरांना आत पाठवून ज्यांनी ती पाहिली, त्यांच्यासाठी हे आहे.

फेब्रुवारी २०१६मध्ये झी मराठीवर ती सुरू झाली तेव्हा आपल्याला भीती नेमकी कशाची वाटत होती, ते जरा आठवा. आण्णा नाईक सुरुवातीलाच गेलेले. मुलगे, सुना, लेक वाड्यात जमलेले, दिवसकार्य चाललेलं, आणि बापाच्या माघारी कुणाच्या वाट्याला काय येणार हा प्रश्न प्रत्येकाच्या पोटात. दत्ता, माधव, अभिराम, सरिता, निलिमा, छाया, आणि जिच्या नात्याचं नाव कुणी मोठ्याने घेत नव्हतं ती सुसल्या. भुताचा पत्ता नव्हता. होतं ते एका गेलेल्या माणसाचं नाव, ज्याच्याविषयी घरातलं कुणीच धड बोलायला तयार नव्हतं. पांडू काहीतरी बघून यायचा आणि नेमकं सांगायच्या वेळी ‘इसारलंय’ म्हणून मोकळा व्हायचा. गंमत अशी की पांडू करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते. प्रेक्षकाला काय सांगायचं आणि काय गिळायचं हे ठरवणाराच पडद्यावर विसरभोळा होऊन उभा.

आणि भीतीच्या खाली एक अगदी ओळखीची गोष्ट होती. कोकणात ज्यांचं घर आहे त्यांना ती समजावून सांगायला नको. सातबाऱ्यावर नावं वाढत जातात, पडवीचा वासा कुजतो, दुरुस्तीला पैसे काढायला कुणी तयार नसतं, मुंबईचा भाऊ गावच्या भावावर संशय घेतो, गावचा भाऊ म्हणतो, राबतो मी आणि हिस्सा तुला. अशा घरात रात्री कौल जरी सरकलं तरी पोटात गोळा येतो. त्या गोळ्याला भूत लागत नाही. मालिका सुरू झाली तेव्हा सिंधुदुर्गात विरोधही झाला. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, असे आक्षेप आले. पुढे सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तोच वाडा बघायला लोक गाड्या करून जाऊ लागले. विरोध आणि कौतुक दोन्ही झालं, कारण लोकांना त्या घरात आपलं घर दिसत होतं.

दुसरा भाग जानेवारी २०१९मध्ये आला आणि तो काळाच्या मागे गेला. आण्णा जिवंत, उमेदीत. माधव अभ्यंकरांनी रंगवलेला हा माणूस जमिनी बळकावतो, बायका नासवतो, जीव घेतो आणि घरी येऊन जेवायला बसतो. समोर माईच्या भूमिकेत शकुंतला नरे. आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता. तिन्ही भागांत माझा आवडता हाच, कारण इथे भुताचं काम माणूसच करतो आणि ते जास्त भयंकर वाटतं. पण खरं सांगायचं तर मालिकेची घसरण इथूनच सुरू झाली, आणि ती लेखकांनी नाही, आपण सुरू केली. आण्णा-शेवंता ही जोडी आपल्याला भलतीच आवडली. त्यांचे मीम झाले, नकला झाल्या, एकमेकांना पाठवायचे विनोद झाले. शेवंताच्या नवऱ्याचा, म्हणजे पाटणकरांचा, संसार उधळणारा, माईला आयुष्यभर रडवणारा माणूस आपला लाडका झाला. आता सांगा, ज्याच्या नावाने सकाळी व्हॉट्सॲपवर हसता, त्याला रात्री घाबरणार कसे?

मार्च २०२१मध्ये तिसरा भाग आला तेव्हा चॅनेलने तेच दिलं जे आपण मागत होतो. पुन्हा आण्णा, पुन्हा शेवंता, आता भूत होऊन. पहिल्या भागात जो दिसत नव्हता म्हणून घाबरवत होता, तो आता दिव्याच्या उजेडात, मेकअप करून, लांबलचक संवाद म्हणत उभा. त्यांना परिस्थितीही वाईट मिळाली, हे मान्य करायला हवं. कोरोनाच्या निर्बंधांमुळे सुरू होऊन महिना होतो न होतो तोच मालिका थांबली, ऑगस्टमध्ये परतली, त्याच वर्षी शेवंता बदलली आणि कृतिका तुळसकर आल्या. एप्रिल २०२२मध्ये सगळं संपलं. या अडचणी नसत्या तरी तिसरा भाग जमला असता का? मला नाही वाटत. भूत रोज हजेरी लावायला लागलं की त्याचा दरारा संपतो.

इथे आपल्या जुन्या माणसांकडून शिकण्यासारखं आहे. मी भुतंखेतं मानत नाही, तुम्हीही मानू नका. पण गोष्ट म्हणून बघा. कोकणातल्या भुतांना शिस्त असते. मुंजा पिंपळ सोडून गावभर हिंडत नाही. देवचार हद्दीचा राखणदार, त्याचा मान राखला तर चुकलेल्याला वाटेला लावतो असं म्हातारी माणसं सांगायची. गिरा पाण्याच्या आसपास असतो. चकवा लागला की माणूस रात्रभर एकाच माळावर गोल फिरतो आणि उजाडलं की सुटतो. प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, त्याला काय चालतं आणि काय चालत नाही तेही ठरलेलं. म्हणून ऐकणाऱ्याला भीती कुठे सुरू होणार ते आधी माहीत असायचं. पिंपळ अजून शंभर पावलं लांब आहे, एवढ्यावरच पोरं आजीला चिकटायची.

टीव्हीवरचं भूत कुठलाच नियम पाळत नाही. सोमवारी भिंतीतून आरपार जातं, गुरुवारी दाराला कडी लावली की बाहेर अडतं. या आठवड्यात अंगाऱ्याला घाबरतं, पुढच्या आठवड्यात देवघरात येऊन हसतं. अमावास्या महिन्यातून चारदा येते. मालिका चांगली चाललीय की ढेपाळलीय हे ओळखायला समीक्षक व्हावं लागत नाही. या भुताला काय करता येत नाही, असा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर सुचलं नाही तर समजा लेखकालाही ते माहीत नाही.

हा रोग फक्त मराठीला झालेला नाही. अमेरिकेत ‘सुपरनॅचरल’ नावाची मालिका २००५मध्ये सुरू झाली. सॅम आणि डीन हे दोघे भाऊ जुनी गाडी घेऊन गावोगाव फिरतात आणि तिथल्या दंतकथांमधली भुतं हुडकतात. रस्त्यात उभी राहणारी पांढऱ्या कपड्यातली बाई, आरशात दिसणारी मेरी, हाताच्या जागी आकडा असलेला माणूस. आपल्या चकव्या-मुंजांसारख्याच, एकेका जागेला बांधलेल्या गोष्टी. एरिक क्रिपकी या निर्मात्याच्या डोक्यात पाच हंगामांची कथा होती. पाचव्याच्या शेवटी, २०१०मध्ये, जगबुडी टळली आणि त्याने सूत्रं सोडली. चॅनेलने मात्र मालिका सोडली नाही. ती पुढे दहा हंगाम चालली, एकूण ३२७ भाग झाले, नोव्हेंबर २०२०मध्ये संपली. वाटेत सैतान झाले, देवदूत झाले, शेवटी खुद्द देवालाच खलनायक करावं लागलं. दरवेळी आधीपेक्षा मोठा शत्रू आणायचा म्हटलं की हेच होणार. मधले काही भाग फार सुंदर होते, हेही खरं. पण तिचे जुने चाहते आवडतं काय विचारल्यावर बहुतेक पहिल्या पाच हंगामांकडेच बोट दाखवतात.

हिंदीतल्या ‘नागिन’बद्दल जास्त बोलत नाही. २०१५ला नागमण्यापासून निघालेली गोष्ट सहाव्या हंगामात महामारीच्या विषाणूपर्यंत पोचली. इतकं पुरे.

आता एक प्रयोग करा. कुठलीही ताणलेली मालिका लागली असताना हातात घड्याळ घ्या. नियमाने तासाला जाहिराती आणि चॅनेलची स्वतःची जाहिरात मिळून १२ मिनिटं दाखवता येतात, म्हणजे अर्ध्या तासातली सहा तिथे गेली. कालची उजळणी, शीर्षकगीत, उद्याची झलक वजा करा. उरलं त्यात काय घडतं ते बघा. पैंजण वाजतात. सून कंदील घेऊन पडवीत येते. वीज कडाडते. तिचा चेहरा, मग सासूचा, मग दाराआडच्या गड्याचा, परत तिचा, आणि दर चेहऱ्याला धाडकन एक सूर. ब्रेक. परत आलो की तेच पैंजण, तेच तीन चेहरे. दार उघडतं. मांजर. उद्या पाहा. या सगळ्यात गोष्ट किती पुढे गेली हे कागदावर एका वाक्यात लिहा. वाक्य लिहिता आलं नाही तर कागद तसाच कोरा ठेवा आणि झोपायला जा.

लेखकांना अक्कल नसते म्हणून हे होतं, असा गैरसमज करून घेऊ नका. रोजच्या मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि वर चॅनेलचा शब्द अखेरचा. आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे म्हणजे हाताशी भागांची बँक लागते. ती रिकामी झाली की सकाळी लिहिलेलं दुपारी शूट होतं. अशा वेळी नवा प्रसंग रचण्यापेक्षा जुन्या प्रसंगात पाणी घालणं सोपं. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. एखादा ट्रॅक चालला की तो लांबवायचा, पडला की तांत्रिक आणायचा. शेवट कुठे आहे हेच कुणाला माहीत नसतं, कारण आकडे बरे असतील तोवर शेवट करायचा नसतो. भयकथेला शेवट तर आधी लागतो. सासू-सुनेचं भांडण दहा वर्षं चालू शकतं, घराघरात चालतंच. भीती तशी चालत नाही. माणूस तिला सरावतो, अंधाऱ्या खोलीत डोळे सरावतात तसा.

मग आपण काय करायचं? आधी सवयीने बघणं बंद करा. स्वयंपाक चाललाय, कुणी बघत नाहीये, टीव्ही आपला चालू, कारण साडेदहाला ते लागतंच. हे बघणंही मोजलं जातं. बार्क ही संस्था देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत मीटर बसवते. चॅनेलच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतं, आणि समोर कोण बसलंय हे घरच्यांनी रिमोटवरचं आपापलं बटण दाबून सांगायचं असतं. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे मीटर आहे? नसेल. पण बहुतेकांकडे आज मोबाइल आहे, आणि ॲपला तुम्ही कुठला भाग लावलात, किती मिनिटांनी सोडलात, हे सगळं कळतं. दुबईत किंवा न्यू जर्सीत बसून ॲपवर मालिका बघणारे मराठी लोक तर यात पूर्ण मोजले जातात. यूट्यूबवर प्रोमो ‘किती वाईट आहे बघू’ म्हणून उघडलात तरी आकडा वाढतो. तुम्ही नाक मुरडत होता हे त्या आकड्यात येत नाही.

पैशाचंही तेच. २०१९पासून केबल किंवा डिशवर चॅनेल निवडून घेता येतं, नको ते काढता येतं. एका मालिकेपायी अख्खं चॅनेल काढा असं मी म्हणत नाही, त्यावर दुसरं काही चांगलं असेलच. पण महिन्याचं पॅकेज केबलवाल्याने ठरवलं आणि तुम्ही दहा वर्षं भरत राहिलात, असं होऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट, कलाकारांच्या मागे लागू नका. शेवंता बदलली तेव्हा नव्या बाईंच्या फोटोंखाली लोकांनी जे लिहिलं ते वाचवत नव्हतं. त्या भूमिका स्वीकारून कामावर आल्या होत्या. प्रसंग त्यांनी लिहिला नव्हता, भाग त्यांनी वाढवला नव्हता. दुसऱ्याने लोकप्रिय केलेल्या भूमिकेत मध्येच शिरणं किती अवघड असतं, हे हौशी नाटकात बदली काम केलेल्या कुणालाही विचारा. जाड-बारीक, गोरी-काळी यावर बोलणं तर ताबडतोब थांबवा. त्याचा मालिका चांगली असण्याशी काडीचा संबंध नाही.

तक्रार कशाची करायची आणि कशाची नाही, हेही नीट समजून घ्या. मालिका रटाळ झाली म्हणून तक्रार घेणारी खिडकी कुठेच नाही, आणि नसलेलीच बरी. पण कथेतला रस आटला की त्या जागी भगत, मांत्रिक, उतारे, चाबकाचे फटके येऊ लागतात आणि उपाय म्हणून दाखवले जातात, तेव्हा गप्प बसू नका. केबल टीव्हीच्या नियमांत अंधश्रद्धेला उत्तेजन देणाऱ्या कार्यक्रमांना मनाई आहे. आपल्या राज्यात तर २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदाच आहे, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा त्यात गुन्हा आहे. तक्रार आधी चॅनेलकडे लेखी करायची. त्यांनी १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. समाधान झालं नाही तर प्रसारकांच्या स्वनियामक मंडळाकडे जाता येतं. तक्रारीत तारीख, वेळ आणि प्रसंग लिहा. ‘तुमची मालिका फालतू आहे’ असं लिहिलंत तर ते सरळ कचऱ्यात जाईल.

घरात लहान मुलं असतील तर एक सांगतो. चांगल्या भयकथेने मूल रात्रभर घाबरतं आणि पुढे आयुष्यभर ती गोष्ट रंगवून सांगतं. वाईट भयकथेने ते घाबरतही नाही, फक्त मोठ्या आवाजाला दचकायला शिकतं. पोरांना खरी भीती चाखवायची असेल तर नारायण धारपांचं किंवा रत्नाकर मतकरींचं एखादं पुस्तक आणा आणि रात्री जेवणं झाल्यावर मोठ्याने वाचा. मतकरींच्या कथांवर ‘गहिरे पाणी’ ही मालिका झाली होती, तिच्यात एक गोष्ट संपायची आणि दुसरी सुरू व्हायची. २००७मध्ये सुरू झालेली सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘असंभव’ रोजचीच मालिका होती, पण पुनर्जन्माचं एक रहस्य उलगडायचंय हे तिला माहीत होतं. म्हणजे आपल्याकडे हे जमतच नाही असं नाही.

तेव्हा मागायचंच असेल तर दुसरं मागा. दूरदर्शनच्या काळात मालिका तेरा भागांची मंजूर व्हायची आणि लेखकाला तेरा भागांत गाठ सोडवावी लागायची. आज साठ भागांची मागा, शंभर भागांची मागा, पण आकडा आधी जाहीर होऊ दे. जागाही बदलू दे. झाडीपट्टीत रात्रभर नाटकं चालतात आणि लोक जंगलातल्या वाटेने पहाटे घरी परततात. खानदेशात केळीच्या बागांमधून रात्रपाळीचं पाणी सोडायला माणूस एकटा जातो. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या बंद घरांची चावी भलत्याच माणसाकडे असते. आण्णांइतका वाईट आणि तितकाच खरा माणूस तिथेही सापडेल, फक्त तो आपल्याला अजून माहीत नसेल. भयकथेला याहून काय हवं?

आणि आकेरीचा वाडा ज्यांना सोडवत नाही त्यांनी पहिला भाग ॲपवर काढून पुन्हा बघावा. रोज दोनच एपिसोड. तिसरा उघडू नका. चॅनेलच्या पानावर काही लिहावंसं वाटलंच, तर ‘चौथा भाग आणा’ऐवजी ‘नवी गोष्ट आणा आणि ती किती भागांची ते आधी सांगा’ एवढं एक वाक्य लिहा. मालवणीत लिहिलंत तरी चालेल, तिथे वाचणारं कुणीतरी असेलच.